पाठमोरी रेवती

माझी पाठ मी सोडून अख्ख्या साताऱ्यानं बघितली आहे. दोरीच्या मल्लखांबावर पोरगी चढली की लोकांना तिचा चेहरा कुठला दिसायला? पाय वर, डोकं खाली आणि समोर पाठ. पंच गुण कापतात ते पाठ बघूनच. आणि आमच्या तर घरातच पंच राहते. माझी आई.

आई म्हणजे सुलक्षणा भोइटे. ती मैदानावर मल्लखांब शिकवते, तिथं सगळे तिला मॅडम म्हणतात, मलाही मॅडमच म्हणावं लागतं. चुकून आई म्हटलं की मैदानाला दोन फेऱ्या. वर चढलेल्या पोरीच्या पायाचा अंगठा जरा ढिला पडला तरी तिला तो फाटकातून दिसतो आणि तिथूनच ती ओरडते. अशा बाईच्या पोटी वाकड्या कण्याची पोरगी जन्माला आली. देवाला पण काय काय सुचतं!

बाक कळला तेव्हा मी सातवीत होते. स्कोलिओसिस. कणा एका बाजूला झुकतो आणि झुकता झुकता पिळतोही, त्यामुळे एका बाजूचं खुब्याचं हाड आणि दुसऱ्या बाजूचं खांद्यामागचं फऱ्याचं हाड वर येतं. का होतं, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. मल्लखांबामुळे नाही, एवढं मात्र डॉक्टरांनी आईला तीनतीनदा सांगितलं. तिनं मान हलवली आणि घरी येऊन देवापुढं बसून रडली. पुढं काही वर्षं मी प्लॅस्टिकचा पट्टा घालून शाळेत गेले. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "काही दिसत नाही गं. मला सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं." मी ते खरं मानलं. जिला अंगठा दिसतो तिला पाठ दिसणार नाही का?

सोळाव्या वर्षी माझा बाक एक्केचाळीस अंश भरला. पन्नासाच्या पुढं गेला की ऑपरेशन, चाळिसाच्या आत असला की नुसती नजर ठेवायची. मी नेमकी कुंपणावर. ऑपरेशन म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या सळ्या, मणक्यात स्क्रू, आणि मधले मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. पाठ सरळ होते, पण परत वाकत नाही. चालता येतं, पोहता येतं, संसार करता येतो, हे सगळं डॉक्टरांनी हसून सांगितलं. दोरीवर चढता येईल का, असं मी विचारलं. त्यावर ते हसले नाहीत.

त्यांचं नाव डॉक्टर बोरवणकर. पुण्यात मणक्याचं मोठं केंद्र आहे, तिथले. माझ्यासारख्या कुंपणावरच्या पोरांसाठी त्यांच्याकडं नुकतंच एक यंत्र आलं होतं.

"हे बघ रेवती," ते म्हणाले, "तीस अंशांची पोरगी लाजेनं घराबाहेर पडत नाही, आणि पंचावन्नवाली लग्नात नाचते. मग ऑपरेशनची गरज जास्त कुणाला? एक्स-रे हाड मोजतो, मन मोजत नाही. मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो. हात, पाय, पोट आपण रोज बघतो, म्हणून तेवढा भाग पक्का. पण पाठ? पाठ आपण बघतच नाही. तो भाग मेंदू ऐकीव माहितीवर काढतो. आरसा, फोटो, लोकांच्या नजरा. तुझ्या डोक्यातला नकाशा कसा आहे, ते हे यंत्र आम्हाला दाखवतं."

"म्हणजे एक्स-रे डोक्यातला," आई म्हणाली.

"तसंच काहीसं, ताई. खरा बाक आणि डोक्यातला बाक यांत फरक फार असेल, तर मुलगी आतून किती सोसतेय ते कळतं. काठावरच्या केसमध्ये आम्ही त्यावरून ठरवतो."

म्हणजे माझी दोरी राहणार की जाणार, ते या यंत्रावर ठरणार होतं.

आधी चारी बाजूंनी कॅमेरे लावलेल्या एका खोलीत माझं माप घेतलं. मी कपडे घालायला आत गेले. इकडं यंत्र चालवणारी जास्मिनताई तांबोळी हेडसेट आणि हातमोजे घेऊन तयार होती. हेडसेट घातला की आपण एका रिकाम्या खोलीत उभे असतो आणि समोर आपणच, पाठमोरे. सुरुवातीला ती आकृती काठीसारखी सरळ असते. आपल्याला आपण जसे वाटतो तशी हातांनी ती वाकवायची, खांदा दाबायचा, कंबर सरकवायची, आणि "झालं" म्हणायचं.

"आधी मी घालून बघते," आई म्हणाली. हे मला आतून ऐकू आलं. "पोरीला चक्कर आली म्हणजे?"

आमच्यात ही पद्धतच आहे. नवी दोरी टांगली की आधी आई तिला लोंबकळते, झोके घेते, दोनदा हिसका देते, मग आमची पाळी. जास्मिनताईला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिनं आईला हेडसेट, हातमोजे चढवले आणि माझ्या मापाचे लहान हातमोजे आणायला बाहेर गेली. यंत्र मात्र माझ्याच नावावर चालू होतं.

मी बाहेर आले तेव्हा आई हेडसेट काढत होती. डोळे लाल झाले होते.

"काही चक्कर बिक्कर येत नाही," ती म्हणाली. "घाल."

मी घातला. समोर सरळसोट रेवती उभी. मला हसायलाच आलं. मी तिचा उजवा खांदा जरा वर घेतला, कंबर बोटभर सरकवली, लांबून बघितलं आणि म्हटलं, "झालं." दोन मिनिटांचं काम.

ऑपरेशनचं ठरवण्याआधी डोक्यातला नकाशा सुधारून बघायचा, म्हणून पुढच्या आठवड्यापासून उपचार सुरू झाला. त्याची कल्पना अशी की डोक्यातली आकृती समोर उभी करायची आणि तुमच्या पाठीवर मऊ ब्रश फिरवायचा. त्याच क्षणी, त्याच जागी समोरच्या आकृतीच्या पाठीवरही ब्रश फिरताना दिसतो. डोळे सांगतात तिथं, कातडी सांगते इथं. थोड्या वेळानं मेंदू भांडण मिटवतो आणि समोरची पाठ आपली मानतो. एकदा मानली, की मग ती आकृती हळूहळू खऱ्या मापाकडं न्यायची. म्हणजे डोक्यातला नकाशाही मागोमाग सुधारतो.

हे सगळं डॉक्टरांनी आईला समजावलं. मी शेजारीच होते, पण बोलणं आईशी. पोरांशी बोलायची आपल्याकडं कुणाला सवय नाही. मला एवढंच कळलं की आज आपली पाठ दाखवणार आहेत.

आणि ती दिसली. उजवीकडचं फऱ्याचं हाड वर आलेलं, त्याखाली सगळं पिळलेलं, डावी कंबर खचून गेलेली, आणि मान अशी बाजूला की कुणी ढकलून दिली असावी.

"ही मीच ना?" मी विचारलं.

"तूच की!" जास्मिनताई ब्रश फिरवत म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या लेखी ती मीच लावलेली होती. मला मात्र वाटलं, ही कॅमेऱ्यानं मोजलेली, खरीखुरी. आपण पहिल्या दिवशी लावली ती किती खुळ्यासारखी! आणि ती खुळी समजूत मला कुणी दिली, तेही माहीत होतं.

चौथ्या खेपेला ब्रश माझ्या पाठीवर फिरतोय असं वाटेनासं झालं. तो तिथं, समोर, त्या फुगवट्यावर फिरत होता आणि गुदगुल्या मला होत होत्या. ती पाठ माझी झाली. मी हेडसेट काढून फेकला आणि हमसाहमशी रडले. पुढच्या खेपांना मी गेलेच नाही. आकृती खऱ्या मापाकडं न्यायचं राहूनच गेलं.

घरी मी पाठ भिंतीला लावून बसायला लागले. वर्गात शेवटच्या बाकावर. मैदानावर उकाड्यातही जॅकेट. दोरी समोर लोंबकळत असायची आणि मी पोरींच्या चपला नीट लावत बसायचे.

"काय गं, वरात आलीय का चपला सांभाळायला?" आई ओरडली. "चढ!"

"नाही चढणार मॅडम."

"रेवती!"

"सगळे बघतात. आणि तू मला खोटं सांगत आलीस. काही दिसत नाही म्हणे! मी बघितलंय, आई. मी बघितलंय मला."

मी तिला मैदानावर आई म्हटलं आणि तिनं फेऱ्या सांगितल्या नाहीत. ती खाली बसली. एक उलटी पडलेली चप्पल सरळ करत म्हणाली, "मग करून टाकू ऑपरेशन. निदान तुझ्या जिवाला तरी शांतता."

यंत्राचाही अहवाल तोच होता. खरा बाक एक्केचाळीस, डोक्यातला साठ. मुलगी फार सोसतेय, त्यात उपचारात रडून पळून गेली. डॉक्टरांनी ऑपरेशनच योग्य म्हणून सांगितलं आणि परीक्षेनंतरची तारीख दिली. मी हो म्हटलं. दोरी गेली तर गेली. ती पाठ घेऊन दोरीवर तरी कोण चढणार होतं?

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात शेवटचं माप घ्यायला पुण्याला गेलो. आई बाहेर बाकड्यावर बसली. माप झाल्यावर मी जास्मिनताईला म्हटलं, "ताई, पहिल्या दिवशी मी लावलेली रेवती दाखव ना. जरा हसून घेते."

"तीच तर तू बघत होतीस."

"छे! ती तर कॅमेऱ्यातली. मी लावलेली बरी होती. जवळजवळ सरळ."

जास्मिनताईनं माझ्याकडं बघितलं, मग यंत्राकडं. यंत्र नुसती आकृती ठेवत नाही, ती लावताना हात कसे फिरले तेही ठेवतं. तिनं मला हेडसेट घातला आणि ते सुरू केलं.

समोर सरळसोट रेवती. हवेतून दोन हात आले. हातांना रंग नाही, रूप नाही, नुसते करडे पंजे. उजव्या हाताचा अंगठा मानेपासून कमरेपर्यंत कण्यावरून एकदा ओढला गेला. मग तळवा फऱ्याच्या हाडावर ठेवला, आणि हलकेच दोन थापा. चढ.

मला दुसरं काही बघायची गरजच नव्हती. रोज संध्याकाळी दोरीखाली उभी राहिले की हेच हात हेच करतात. माझ्याच नाही, प्रत्येक पोरीच्या पाठीला. थापा मारून झाल्यावर ते हात थांबले. मग त्यांनी फऱ्याचं हाड ओढून वर काढलं. थांबले. आणखी काढलं. कंबर खचवली. मान ढकलली. एवढ्या जपून, एवढ्या मायेनं ते माझं वाटोळं करत होते.

"ही आई आहे," मी म्हटलं.

जास्मिनताईनं यंत्र थांबवलं. "अल्ला! चालू ठेवून गेले मी..." मग तिनं शोधून सांगितलं. आईनं हेडसेट काढताच यंत्रानं तिची आकृती माझी म्हणून घेतली. मागाहून मी लावलेली पहिलीशी जुळेना, म्हणून मुलीनं गंमत केली असं समजून ती टाकून दिली. माझी होती त्रेचाळीस अंशांची. खऱ्यापेक्षा दोन जास्त. इतकी अचूक आकृती सहसा कुणाला जमत नाही, असं ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी बाहेर आले. आई डबा उघडून माझी वाट बघत होती.

"आई, त्या दिवशी तू नुसतं चक्कर येते का बघितलंस, की मला लावलंस?"

तिनं डबा बाकड्यावर ठेवला. "म्हणजे... तू उभी होतीस समोर. सरळ. ते खोटं वाटलं गं. हात आपोआप गेले."

"एवढी वाकडी? एवढी वाकडी दिसते मी तुला?"

"नाही गं बाई!" आई गडबडीनं म्हणाली, मला धीर द्यायला. "उगाच तुला कुणी दाखवलं तर वाईट वाटेल म्हणून मी बरीच कमी लावली."

ती बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो. तिनं तोंडावर पदर धरला. तिच्यावर ओरडायचं ठरवून आले होते, पण ओरडू कशावर? ती माझ्याशी खोटं बोलली होती ते मायेनं, आणि यंत्राशी खरं बोलली होती तेही मायेनं.

डॉक्टर बोरवणकरांनी हात जोडून माफी मागितली. मोठ्या माणसानं हात जोडलेले मला बघवत नाहीत. "आपण परत लावू," ते म्हणाले. "आज फक्त तू. आई बाहेर."

"नको, बसू दे तिला," मी म्हटलं. "तिला बघू दे."

मला खात्री होती. चूक कुठं झाली ते कळलं होतं, आकृती कुणाची तेही कळलं होतं. आता मी माझी लावणार, अहवाल बदलणार, तारीख जाणार आणि पुढच्या आठवड्यात मी दोरीवर. मी हेडसेट घातला. सरळ रेवतीचा खांदा जरा वर घेतला. पुरेना. आणखी घेतला. तरी ती मी वाटेना, कुणी शेजारची वाटायची. कंबर सरकवली. मान सरकवली. शेवटी एका जागी मनाला पटलं, हां, ही मी.

"झालं," मी म्हटलं.

मी हेडसेट काढला. पडद्यावर आकडा होता, अठ्ठावन्न.

"तुला आता माहीत आहे ना, की ती आईनं लावलेली होती?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? माहीत आहे. पण अशीच आहे मी."

त्यांनी पडद्यावर दुसरी आकृती आणली, सकाळीच कॅमेऱ्यांनी मोजलेली. खरी. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. खांदा जरासा वर, कंबर जराशी आत. रस्त्यात दिसली असती तर मागं वळून बघितलं नसतं अशी पोरगी.

"ही तुम्ही सरळ केलीय," मी म्हटलं. "मला बरं वाटावं म्हणून."

"एक रेघही हलवली नाही, रेवती. शपथ."

आई उठून पडद्याजवळ गेली. मैदानावर पंच म्हणून बघते तशी मान कलती करून तिनं बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर, खरंच जरा जास्तच बरी दिसतेय हो."

डॉक्टर आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी पडदा बंद केला आणि खरं काय ते सांगितलं. यंत्राच्या हिशोबानं आता हा माझा स्वतःचा आकडा होता, आणि त्यावरून ऑपरेशनच येत होतं. पण हा आकडा त्यांच्याच यंत्रानं माझ्या डोक्यात घातला होता. ब्रशनं पुसता येईल का? कदाचित. किती दिवसांत? सांगता येत नव्हतं. आजवर हे कुणाचंच झालं नव्हतं.

"रद्द करा," आई म्हणाली. "ऑपरेशन रद्द. मी सांगते, पोरीला काही झालेलं नाही. तिला दोरी..."

"मला विचार ना!" मी ओरडले. दाराबाहेरच्या लोकांनी आत बघितलं. "एकदा तरी आधी मला विचार! प्रत्येक वेळी आधी तू. दोरीला आधी तू, यंत्राला आधी तू, हो म्हणायला तू, नाही म्हणायला तू!"

डॉक्टर म्हणाले, "बोल."

मला दोरी हवी होती. मला ती पाठ नको होती. आणि ती पाठ सळ्या घालून जाणार नव्हती, हेही कळत होतं. सळ्या मणक्यात जाणार होत्या आणि ती पाठ दुसरीकडंच होती.

"तारीख सोडून द्या," मी म्हटलं. "मी परत दोरीवर चढणार. पण आईनं माझ्या पाठीकडं बघायचं नाही. अंगठा ओढायचा नाही, थापा मारायच्या नाहीत. मी चढले की तिनं तोंड फिरवून उभं राहायचं."

"मग शिकवू कशी तुला?" आईनं विचारलं.

"नको शिकवू."

माझ्या तोंडून ते बाहेर पडलं आणि मलाच रडू आलं, कारण मी आठ वर्षांची असल्यापासून मला तिच्याशिवाय कुणी शिकवलेलं नाही. पडले तर झेलायला खाली तीच असायची. आईनं डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला, पिशवीचे बंद दोनदा बांधले.

"बरं," ती म्हणाली.

आम्ही निघालो. एरवी आई नेहमी माझ्या मागून चालते. मी कशी चालते, कुठं झुकते ते बघत. त्या दिवशी ती पुढं झाली. तो लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना बाकडी, आणि माझ्यापुढं आई. मी तिला अशी मागून कधी बघितलीच नव्हती. ताठ चालणारी बाई म्हणून साऱ्या साताऱ्यात तिचं नाव. मला तिचा उजवा खांदा खाली उतरलेला दिसला. कंबर डावीकडं गेलेली. मान कलती. मी डोळे चोळले, फरशीच्या रेघांशी तिला ताडून बघितलं, पण ती वाकडीच दिसत राहिली. ती खरंच तशी होती, की मला आता सगळंच तसं दिसणार होतं, हे मी कुणाला विचारणार होते?

आईनं मागं न बघताच विचारलं, "काय गं, काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "चल तू."